इंग्रजी कुणाची? एका जागतिक भाषेचं आज आणि उद्या

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७ आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन ७६ ही दोन विमानं हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्हींतले मिळून ३४९ जण गेले. एकही वाचला नाही. सौदी विमानानं १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानानं १५ हजार फुटांवर राहावं, असा आदेश होता. कझाक विमान ठरलेली उंची सोडून खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यांत कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हेही एक होतं. त्या विमानात नियंत्रण कक्षाशी इंग्रजीत बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं, आणि उंची किती हे पाहायला त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून पुढे डोकवावं लागत होतं.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेनं, म्हणजे 'इकाओ'नं, भाषेचा प्रश्न गांभीर्यानं हाती घेतला. वैमानिक आणि हवाई नियंत्रक यांच्यासाठी भाषाज्ञानाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी २००३ मध्ये स्वीकारली गेली आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पायरी आवश्यक ठरली. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी उमेदवाराची पारख होते. या मोजपट्टीतली एक अट बारकाईनं वाचण्यासारखी आहे. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, ती समजण्याच्या आड येता कामा नये, एवढंच. लंडनसारखं किंवा न्यूयॉर्कसारखं बोला, असं ती कुणालाही सांगत नाही. चरखी दादरीच्या आकाशात त्या संध्याकाळी ज्या इंग्रजीत बोलणं चाललं होतं, ती ना सौदी चालकांची मातृभाषा होती, ना कझाक चालकांची, ना दिल्लीतल्या नियंत्रकाची. आजची जागतिक इंग्रजी बहुतेक वेळा अशीच असते. घरी वेगळीच भाषा बोलणारी दोन माणसं कामापुरती या भाषेत भेटतात. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही इंग्रजी आहे.

जगात इंग्रजी कमी-अधिक येणाऱ्यांची संख्या आज साधारण दीडशे कोटी मानली जाते. जन्मभाषा म्हणून ती बोलणारे त्यांतले चाळीस कोटींच्या आसपास. म्हणजे दर चार जणांपैकी तिघांनी ती शाळेत, कामावर किंवा पडद्यासमोर बसून मिळवलेली आहे. भारतात ही तफावत आणखी मोठी दिसते. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा असल्याचं सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार होते आणि त्यांतले एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. दुसरी भाषा म्हणून ती सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख, तर तिसरी म्हणून सांगणारे ४ कोटी ६० लाख. सगळे मिळून लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या थोडे वर. या आकड्यांकडेही जपून पाहायला हवं, कारण जनगणनेत भाषा सांगणाऱ्याची कुणी परीक्षा घेत नाही. दुकानावरची पाटी वाचणारा आणि उच्च न्यायालयात युक्तिवाद करणारा, दोघेही त्या एकाच रकान्यात बसतात. तरीही मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. दहातल्या नऊ भारतीयांनी जी भाषा आपली म्हणून सांगितली नाही, तिच्यातच देशाची वरची न्यायालयं, उच्च शिक्षण आणि मोठ्या उद्योगांचा कारभार चालतो.

हे कसं झालं? इंग्रजी व्याकरणाला सोपी आहे, लवचीक आहे, शब्द उसने घ्यायला लाजत नाही, म्हणून ती जगभर पसरली, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. इतिहास याला दुजोरा देत नाही. रिचर्ड मुल्कास्टर हा लंडनमधला नामवंत शिक्षक १५८२ मध्ये लिहितो की, इंग्रजीची धाव आपल्या बेटापलीकडे नाही आणि बेटावरही ती सगळीकडे पोचलेली नाही. तिचं व्याकरण तेव्हा आजच्यापेक्षा फार अवघड होतं, असं नव्हे. बदललं ते तिच्यामागचं बळ. १६०० च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. पुढच्या दोन शतकांत उत्तर अमेरिका, कॅरिबियन, हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया इथे व्यापार, वसाहत आणि गुलामांची ने-आण यांच्या सोबतीनं ही भाषा जाऊन बसली. १८३५ मध्ये मेकॉलेचं टिपण आणि बेंटिंकचा ठराव आला, १८३७ मध्ये कंपनी सरकारच्या कारभारातून फारसी हटवण्याचा कायदा झाला आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली. विसाव्या शतकात ब्रिटनचं साम्राज्य आटलं, पण तोवर अमेरिकेचा पैसा, चित्रपट, सैन्य आणि पुढे संगणक यांनी तिची जबाबदारी उचलली होती.

विज्ञानाची कथा तर आणखी बोलकी आहे. १९१० च्या सुमारास जगातलं वैज्ञानिक लेखन जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या तीन भाषांत जवळपास सारखं वाटलेलं होतं. रसायनशास्त्रज्ञाला जर्मन आल्याशिवाय गत्यंतर नसे. इतिहासकार मायकेल गॉर्डिन यांनी 'सायंटिफिक बॅबेल' (२०१५) या ग्रंथात हा तोल कसा ढळला ते तपशिलानं मांडलं आहे. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संस्थांनी जर्मन शास्त्रज्ञांना बाहेर ठेवलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तर शाळांत परकीय भाषा, मुख्यतः जर्मन, शिकवण्यावर कायद्यानं बंदी घातली; ती मोडायला १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. १९३३ नंतर हिटलरच्या राजवटीनं ज्यू शास्त्रज्ञांना हुसकावलं आणि त्यांतले कितीतरी इंग्रजी बोलणाऱ्या देशांत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचा पैसा अमेरिकेत होता. आज नैसर्गिक विज्ञानांतलं नव्वद टक्क्यांहून अधिक लेखन इंग्रजीत होतं. या सगळ्या वाटेवर भाषेच्या अंगभूत गुणांनी ठरवलेलं फारसं काही सापडत नाही. युद्धं, कायदे, अंदाजपत्रकं आणि संस्थांचे ठराव मात्र पावलोपावली सापडतात.

या ग्रंथाचं मुख्य प्रतिपादन इथूनच निघतं. इंग्रजी माणसांच्या निर्णयांनी पसरली, तेव्हा पुढे तिला कुठे किती जागा द्यायची, हेही निर्णयांनीच ठरणार आहे. ते निर्णय घेणाऱ्यांत सरकारं आणि न्यायालयं आहेत, तशा गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समित्याही आहेत.

मराठी वाचकाला या वादाची ओळख नव्यानं करून देण्याची गरज नाही. तो इथे पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. पुढे १८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे पुरस्कर्ते होते. समोर होते जगन्नाथ शंकरशेट आणि मराठीत गणिताची पुस्तकं सिद्ध करणारे जॉर्ज जर्व्हिस. ज्ञान थोड्यांपुरतं ठेवायचं नसेल तर ते लोकभाषेतूनच द्यावं लागेल, हा शंकरशेटांचा मुद्दा होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं वरच्या वर्गांत इंग्रजी आणि सर्वसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषा, अशी विभागणी सुचवली. तीच विभागणी आजही वेगवेगळ्या नावांनी वादात येत असते.

मात्र ज्यांना संस्कृत पाठशाळेचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांना ही नवी भाषा वेगळी दिसली. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीचं माऊली म्हणून स्वागत आहे. जोतीरावांचं शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मात्र त्यांनी भर दिला तो शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या प्राथमिक शिक्षणावर. डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत चालवली आणि 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) इंग्रजीत लिहिलं. एका भाषेत त्यांना आपल्या माणसांना उभं करायचं होतं आणि दुसरीत देशापुढे, जगापुढे फिर्याद मांडायची होती. दोन भाषांना दोन कामं नेमून देण्याचं याहून डोळस उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

अभ्यासाचं क्षेत्र म्हणून जागतिक इंग्रजीचा विचार गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आकाराला आला. नव्या वाचकाला वाट सापडावी म्हणून त्यातले मुख्य प्रवाह इथे सांगायला हवेत.

पहिला प्रवाह सुरू होतो तो श्रीनगरमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या ब्रज काचरू यांच्यापासून. १९८५ मध्ये त्यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं आखली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. त्याबाहेर भारत, नायजेरिया, सिंगापूर असे वसाहतीतून इंग्रजी लाभलेले देश. आणि सर्वांत बाहेर चीन, जपान, ब्राझील असे ती परकी भाषा म्हणून शिकणारे देश. भारतीय इंग्रजी ही बिघडलेली ब्रिटिश इंग्रजी नसून तिचे स्वतःचे नियम आहेत, ती स्वतंत्र प्रकार आहे, ही त्यांची भूमिका. ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांना ते मान्य नव्हतं. प्रमाण रूप सैल केलं तर गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांचंच नुकसान होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९०-९१ मध्ये 'इंग्लिश टुडे' या नियतकालिकात या दोघांत रंगलेला वाद आजही विद्यार्थ्यांना वाचायला लावतात, कारण दोन्ही बाजूंना खरी काळजी होती. पुढे एडगर श्नायडर यांनी (२००७) वसाहतींमधली इंग्रजी कोणकोणत्या टप्प्यांतून स्वतःचं रूप धरते, याची पाच पायऱ्यांची मांडणी केली.

दुसरा प्रवाह सत्तेचा प्रश्न विचारतो. रॉबर्ट फिलिप्सन यांच्या 'लिंग्विस्टिक इम्पिरियलिझम' (१९९२) या ग्रंथानं इंग्रजी शिकवण्याच्या जागतिक व्यवसायामागची धोरणं, निधी आणि गृहीतं उघडी केली. त्याच्याही आधी आफ्रिकेत हा प्रश्न पेटलेला होता. १९६२ मध्ये कंपालाच्या मॅकेरेरे महाविद्यालयात इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. चिनुआ अचेबे यांनी इंग्रजी वाकवून आपलं जग तिच्यात मांडण्याचा मार्ग धरला. त्याच परिषदेला हजर असलेला केनियाचा तरुण लेखक पुढे न्गुगी वा थिओंगो या नावानं जगाला माहीत झाला आणि उलट टोकाला गेला. १९७७ मध्ये त्यांनी गिकुयू भाषेत केलेलं नाटक गावकऱ्यांनी उभं केलं आणि वर्ष संपायच्या आत सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. इंग्रजीत केलेल्या टीकेकडे काणाडोळा करणाऱ्या राजवटीला शेतमजुरांच्या भाषेतलं नाटक सहन झालं नाही. कोठडीत मिळणाऱ्या शौचकागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. ती १९८० मध्ये छापून आली. १९८६ च्या 'डीकॉलोनायझिंग द माइंड'मध्ये त्यांनी इंग्रजीतल्या लेखनाचा जाहीर निरोप घेतला.

मराठीत हा धागा भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाशी जुळतो. आयुष्यभर इंग्रजी शिकवणारा, मराठीवरच्या इंग्रजी प्रभावाचा शैलीशास्त्रीय अभ्यास करणारा हा लेखक साहित्याची मुळं आपल्या भूमीत आणि भाषेत असावीत, असा आग्रह धरतो. त्याच पिढीतले अरुण कोलटकर दोन्ही भाषांत तितक्याच ताकदीनं कविता लिहितात. 'जेजुरी' (१९७६) इंग्रजीत आणि 'भिजकी वही' मराठीत. 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठीत लिहिणारे किरण नगरकर पुढे इंग्रजीकडे वळतात. दिलीप चित्रे तुकोबांना इंग्रजीत नेतात. हे सगळे एकाच काळातले आणि बरेचसे एकमेकांना वाचणारे. यांपैकी कुणा एकाची वाट बरोबर ठरवून बाकीच्यांना बाजूला सारण्याचा मोह अनेक वर्षं मराठी समीक्षेला होता. आज त्या वाटा शेजारी ठेवून पाहण्याइतकं अंतर पडलं आहे.

तिसरा प्रवाह सगळ्यांत नवा. जेनिफर जेनकिन्स आणि बार्बरा झाइडलहोफर यांनी विचारलं, की दोन बिगर-इंग्रज माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा नेमकं काय घडतं, याकडे कुणी पाहिलं आहे का? जेनकिन्स यांनी २००० मध्ये अशा संभाषणांतले घोटाळे तपासून समजण्यासाठी काय आवश्यक आणि काय नाही याची यादी केली. 'थिंक'मधला पहिला आवाज मराठी माणूस जिभेचं टोक दातांना टेकवून 'थ' म्हणून काढतो. त्यानं कुणाचं काही अडत नाही. 'शिप' आणि 'शीप' यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र सांभाळावा लागतो. व्हिएन्नामध्ये झाइडलहोफर यांच्या नेतृत्वाखाली अशा प्रत्यक्ष बोलण्याचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यात तृतीयपुरुषी क्रियापदाचा शेवटचा 'एस' सर्रास गळतो आणि तरीही कामं होतात. मराठी शाळांत याच 'एस'पायी किती मुलांचे गुण कापले गेले असतील, हे आठवलं की या संशोधनाचं मोल कळतं.

चौथा प्रवाह भविष्य वर्तवणाऱ्यांचा. डेव्हिड क्रिस्टल यांनी 'इंग्लिश अॅज अ ग्लोबल लँग्वेज' (१९९७) या छोट्या ग्रंथातून हा विषय सर्वसामान्य वाचकापर्यंत नेला. डेव्हिड ग्रॅडॉल यांनी ब्रिटिश काउन्सिलसाठी केलेल्या अहवालांत ब्रिटिशांनाच सावध केलं. इंग्रजी सगळ्यांना येऊ लागली की तिचं वेगळेपण संपेल आणि जगाच्या बाजारात एकभाषिक इंग्रज मागे पडेल, असं २००६ चा अहवाल सांगतो. निकोलस ऑस्लर यांनी २०१० मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की, इंग्रजी ही शेवटची संपर्कभाषा ठरेल. यंत्रानुवाद सुधारला की तिच्यानंतर दुसऱ्या कुठल्या भाषेची गरजच पडणार नाही.

या मांडण्या पुस्तकांत शांतपणे शेजारी नांदतात. प्रत्यक्षात त्यांची कसोटी लागते ती सरकारांच्या आणि संस्थांच्या ठरावांत. रवांडानं २००८ मध्ये शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेण्याचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी हा देश राष्ट्रकुलात दाखल झाला. फ्रेंचमध्ये शिकलेल्या हजारो शिक्षकांना थोड्या महिन्यांत नव्या भाषेत फळ्यासमोर उभं राहावं लागलं. सुरुवातीच्या इयत्तांपुरती किन्यारवांडा परत आणावी लागली आणि २०१९ मध्ये पुन्हा पहिलीपासून इंग्रजीकडे वळण्याचा निर्णय झाला. मलेशियानं २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं. ग्रामीण मुलं मागे पडतात, हा आक्षेप वाढत गेला आणि २००९ मध्ये सरकारनं धोरण मागे घेतल्याचं जाहीर केलं. मिलानच्या तंत्रविद्यापीठानं २०१२ मध्ये पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे सगळे अभ्यासक्रम फक्त इंग्रजीत करायचं ठरवलं, तेव्हा तिथले प्राध्यापकच न्यायालयात गेले. इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं २०१७ मध्ये निकाल दिला की, इंग्रजीला जागा देता येईल, पण संपूर्ण ज्ञानशाखेतून इटालियनला हद्दपार करता येणार नाही.

याउलट ब्रिटन बाहेर पडूनही युरोपीय संघात इंग्रजी अधिकृत भाषा राहिली आणि आग्नेय आशियातल्या 'आसियान'नं आपल्या सनदेत कामकाजाची भाषा म्हणून एकट्या इंग्रजीचं नाव लिहिलं. या सदस्य देशांत मलाय, थाई, व्हिएतनामी बोलणारे कोट्यवधी आहेत. इंग्रजी कुणाचीच नसल्यानं ती सगळ्यांना सोयीची वाटली.

आपल्याकडचे ठरावही याच मालिकेत ठेवून वाचायला हवेत. गोव्यात १९९० मध्ये कोकणी, मराठी अशा भारतीय भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरलं आणि चर्चच्या अनेक शाळा कोकणी माध्यमाकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची दारं उघडली, तेव्हा उसळलेल्या वादानं पुढची निवडणूक ढवळून निघाली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. त्यानंतर 'सेमी'ची लाट आली. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, ही मधली वाट पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी मिळून काढली. पट टिकवायचा तर दुसरा उपाय दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सांगून टाकलं की, मातृभाषेचं माध्यम सरकार सक्तीनं लादू शकत नाही. आंध्र प्रदेशनं २०१९ मध्ये सगळ्या सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयानं तोही आदेश रद्द केला.

या झगड्यात एक आवाज अनेकदा ऐकला जात नाही. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० मध्ये इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांची ही कल्पना. जातीनं बांधलेल्या व्यवसायांतून सुटण्याची वाट इंग्रजीतून जाते, असं त्यांचं ठाम मत. मातृभाषेच्या बाजूनं बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांची स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, हे गावातल्या आईबापांना दिसत असतं. या युक्तिवादाला उत्तर न देता काढलेलं कुठलंही भाषाधोरण अन्यायाचंच ठरेल. त्याच वेळी, न समजणाऱ्या भाषेत मुलाला धडे घोकायला लावले तर त्याला धड इंग्रजीही येत नाही आणि विषयही कळत नाही, हे जगभरच्या शिक्षकांनी वर्गात पाहिलं आहे. युनेस्कोनं मातृभाषेतल्या शिक्षणाची शिफारस १९५३ मध्येच केली होती. इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीतून शिकणं यांत किती अंतर आहे, हे पालकांना सांगण्याचं काम मराठी समाजानं नीट केलेलं नाही.

इंग्रजीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न शाळेबाहेरही तितकाच खरा आहे. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. जन्मभाषा इंग्रजी नसलेल्यांना शोधनिबंध वाचायला आणि लिहायला कितीतरी अधिक वेळ लागतो आणि भाषेच्या कारणावरून निबंध परत येण्याचं त्यांचं प्रमाण इंग्रजी भाषकांच्या सुमारे अडीचपट असतं, असं तिच्यात आढळलं. महाराष्ट्रातल्या पक्षकाराचा अनुभव याच जातीचा. तालुक्याच्या न्यायालयात साक्ष, जबाब, युक्तिवाद मराठीत होतात. अपील उच्च न्यायालयात गेलं की घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार कामकाजाची भाषा बदलते. मग सातबाऱ्यापासून पंचनाम्यापर्यंतच्या कागदांचे इंग्रजी तर्जुमे करून जोडावे लागतात, त्यासाठी पैसे मोजावे लागतात, आणि आपल्याच जमिनीबद्दल काय बोललं गेलं हे त्या माणसाला वकिलाकडून ऐकून घ्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये 'सुवास' हे अनुवादाचं सॉफ्टवेअर आणलं आणि निकाल भारतीय भाषांत देण्यास सुरुवात केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. सुनावणीची भाषा मात्र तीच राहिली आहे.

आणि आता यंत्रं आली आहेत. ऑस्लर यांचं भाकीत एका अंगानं खरं होताना दिसतं. फोनमधला अनुवाद दहा वर्षांपूर्वी हास्यास्पद होता, आज तो कामाला येतो. 'भाषिणी' हा केंद्र सरकारचा उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी हीच साधनं उभी करतो आहे. दुसरं अंग मात्र काळजीत टाकणारं आहे. २०२० मध्ये आलेल्या 'जीपीटी-३' या भाषा प्रारूपाच्या प्रशिक्षणातला सुमारे ९३ टक्के मजकूर इंग्रजी होता. इंग्रजी विकिपीडियावर ७० लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीवर लाखभर. जी भाषा यंत्राला कमी वाचायला मिळते, तिच्यात ते अडखळतं, चुकीचं सांगतं आणि त्यासाठी संगणकीय खर्चही अधिक येतो. सबब अनुवाद घडवून आणणाऱ्या यंत्राच्या पोटातही इंग्रजीच बसलेली असण्याचा धोका आहे. मराठीतले कोश, अहवाल, पाठ्यपुस्तकं, शेतीविषयक सल्ले खुलेपणानं आणि अचूक रूपात उपलब्ध करणं हे यावरचं उत्तर आहे आणि ते काम दुसरं कुणी करून देणार नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत इंग्रजी कोसळेल, असं मानायला आज सबळ आधार नाही. अल्जीरियासारखा फ्रेंच प्रभावाखालचा देश २०२२ मध्ये ती प्राथमिक शाळेत आणतो. दुसरीकडे खुद्द अमेरिकेला १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं इंग्रजी ही अधिकृत भाषा म्हणून घोषित करावीशी वाटली. म्हणजे ज्या देशाच्या बळावर ती विसाव्या शतकात पसरत राहिली तिथेही तिच्या स्थानाबद्दल अस्वस्थता आहे. मोठ्या भाषांच्या जगात इंग्रजी बहुधा टिकेल, पण एकटी नव्हे. तिच्या शेजारी मंदारिन, स्पॅनिश, अरबी, हिंदी, स्वाहिली यांची क्षेत्रं वाढत राहतील आणि तिचे नियम लंडनपेक्षा लागोस, मनिला आणि पुण्यात अधिक घडतील.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथ उभा आहे. इंग्रजी हटवा किंवा इंग्रजीच आणा, अशा घोषणांपैकी एकीचीही बाजू तो घेत नाही. इतिहास, शाळा, न्यायालय, प्रयोगशाळा, साहित्य आणि संगणक या प्रत्येक ठिकाणी कुठलं काम कुठल्या भाषेनं करावं, त्याचा लाभ कुणाला होतो आणि भार कुणावर पडतो, हे तो पुराव्यानिशी विचारतो. जिथे लेखकांची मतं एकमेकांना छेद देतात, तिथे ती तशीच ठेवली आहेत. दलित पालकाचा आग्रह आणि मातृभाषेच्या शिक्षकाची चिंता या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्यातला ताण संपादनानं मिटवण्यासारखा नाही. परिभाषा शक्य तितकी रुळलेली मराठी वापरली आहे. जिथे इंग्रजी शब्दच लोकांच्या तोंडी आहे तिथे तोच ठेवला आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ उपयोगी पडेलच. त्याचा खरा वाचक मात्र वेगळा आहे. 'सेमी' सुरू करायचं की नाही यावर पालकसभेत मत द्यायला बसलेले आई-वडील, त्याच सभेत उत्तर द्यावं लागणारे मुख्याध्यापक, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावरचे प्राध्यापक, आपल्या संस्थेचं संकेतस्थळ कुठल्या भाषेत काढायचं हे ठरवणारे कार्यकर्ते. यांना उद्याच्या बैठकीत लागणारी माहिती आणि युक्तिवाद एके ठिकाणी मिळावेत, यासाठी ही पानं लिहिली गेली आहेत. मिलानचे प्राध्यापक, मलेशियातले पालक आणि गोव्यातले दोन्ही बाजूंचे आंदोलक यांनी झालेला निर्णय मुकाट्यानं स्वीकारला नाही. महाराष्ट्रात असे निर्णय दर जूनमध्ये, शाळा उघडताना होतात, आणि पुढचा जून फार लांब नाही.